सुरतेचा पूर आणि आपला राजघाट

पावसाळ्यात तापीला पाणी चढलं की आपल्यापैकी बरेच जण राजघाटावर एक फेरी मारून येतात. किती पायऱ्या बुडाल्या, पात्रातला दगडी हत्ती दिसतो की नाही, हे पाहून घरी अंदाज सांगतात. अशा वेळी सुरतेच्या नातेवाइकांचा फोन येतो : ‘तुमच्याकडे पाणी कसं आहे?’ या साध्या प्रश्नामागे एका शहराने मोठी किंमत देऊन घेतलेला धडा आहे. तो आपल्या सभासदांनी समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

पाणी येतं कुठून?

मुलताईहून निघालेली तापी बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते. पुढे हतनूर, मग उकाई धरण आणि शेवटी सुरत, असा हा ७२४ किलोमीटरचा प्रवास. नदीचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं असून त्याचा जवळपास चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. त्यामुळे सुरतेत ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो. सातपुडा, मेळघाट, वऱ्हाड आणि खानदेशात पडलेलं पाणी तिथे नंतर पोचतं.

ऑगस्ट २००६

त्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. उकाई आधीच बरंच भरलेलं होतं. आत येणारं पाणी साठवायला जागा उरली नाही आणि ऐन भरात ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं. शहरातल्या पात्रात ते मावणं शक्यच नव्हतं. सुरतेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला.

यात एक खरा पेच आहे. शेती, वीज आणि पिण्याच्या पाण्यासाठी धरण भरलेलं हवं. पुरासाठी मात्र त्यात जागा मोकळी हवी. लवकर पाणी सोडलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात टंचाई. थांबलं, तर शहर बुडण्याची भीती. हा निर्णय नीट घ्यायचा तर वरून किती पाणी येतंय, हे आधी कळायला हवं.

सुरतेने काय केलं?

पुरानंतर नुसती डागडुजी करून ते शहर थांबलं नाही. महापालिका, धरणाचे अधिकारी, अभ्यासक आणि व्यापारी यांना एकत्र आणून पूर्वसूचनेची व्यवस्था उभी केली गेली. पाऊस आणि नदीची पातळी यांवरून धरणात किती पाणी येईल, किती सोडावं लागेल आणि शहराचा कोणता भाग बुडेल, याचा अंदाज त्यात बांधला जातो. पुढे सुरतेची जगातल्या १०० ‘सक्षम शहरां’च्या उपक्रमात निवड झाली. आपत्तीतून लवकर सावरण्याची तयारी, हा त्या उपक्रमाचा गाभा होता.

या साखळीत आपलं बऱ्हाणपूर आहे. तापीची पातळी मोजण्याचं केंद्रीय जल आयोगाचं ठाणं इथे आहे. इथला आकडा खालच्या गावांना वेळ मिळवून देतो.

मग आपलं काय?

आपल्या पूर्वजांना ही जाण होती. शाही किल्ला नदीकाठीच, पण उंचावर बांधला गेला. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा झाला. सातपुड्याच्या पायथ्याचं भूगर्भातलं पाणी केवळ उताराने शहरात आणलं गेलं. नदी दाराशी असूनही शहर पाण्यासाठी फक्त तिच्यावर विसंबून राहिलं नाही.

मात्र सुरतेच्या वर उकाई आहे, तसं मोठं धरण आपल्या माथ्यावर नाही. डोंगरातलं पाणी थेट येतं आणि आपल्याला वेळ कमी मिळतो. म्हणून प्रत्येक घरात एवढं तरी ठरलेलं असावं :

• पाणी चढत असताना घाटावर, विशेषतः मुलांना घेऊन, उतरायचं नाही. पूजा, विसर्जन प्रशासन सांगेल तिथेच.
• कागदपत्रं, औषधं, बॅटरी एका पिशवीत, उंच जागी.
• सखल भागातल्या घरांनी कुणाकडे जायचं, हे आधीच बोलून ठेवायचं.
• शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांना आणायची जबाबदारी एकाने घ्यायची.
• घरातल्या मोठ्यांना जुन्या पुरांच्या खुणा विचारून लिहून ठेवायच्या. पाणी कुठवर आलं होतं, हे सांगणारी माणसं कायम नसतात.

आणि सुरतेहून फोन आला, तर ‘बघून सांगतो’ म्हणून पायऱ्या उतरू नका. अधिकृत पातळी विचारा आणि तीच कळवा.