टू बीएचके, नवा मेंबर आणि रात्रीचे अडीच

बाळ झालं त्या दिवशी तुम्ही स्टोरी टाकता. तुमच्या बोटाभोवती वळलेली इवलीशी मूठ आणि खाली 'काका झालो!' किंवा 'आत्या झाले!'. कॉलेजचा अख्खा ग्रुप हार्ट पाठवतो, पार्टी मागतो. तीन-चार दिवसांनी बाळ घरी येतं आणि तुमची खोली जाते.

म्हणजे खोली तिथेच असते, तुम्ही तिच्यात नसता. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आता हॉस्पिटल पुण्यातलं ठरलेलं, नववा महिना लागेपर्यंत लॅपटॉपवर ऑफिस चालू, त्यामुळे मुलगी माहेरी जाण्याऐवजी माहेरच टू बीएचकेत राहायला येतं. वहिनीच्या आईंना तुमची खोली मिळते. तुमच्या स्टडी टेबलावर डायपरचा गठ्ठा, मालिशचं तेल आणि बाळंतशोपेची बरणी. तुम्ही हॉलमधल्या दिवाणावर. घरभर तुपात तळलेल्या डिंकाचा वास आणि गॅलरीत दोरीवर लंगोट, दुपटी, झबली. त्यात जुलै महिना असेल तर बघायलाच नको. पुण्यात जुलैमध्ये पाऊस धो धो पडतोच असं नाही, तो नुसता असतो, आणि काहीही वाळत नाही. मी दीड महिना लंगोटांना इस्त्री केली. सीव्हीत लिहावं असं माझ्याकडे सध्या तेवढंच एक स्किल आहे.

आता जरा हिशोब करू, कारण हा हिशोब घरात कुणीच करत नाही. तान्हं बाळ दिवसा-रात्रीत मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी. एकदा पाजायला अर्धा तास धरा, मग उभं धरून ढेकर काढायची, मग लंगोट बदलायचा, मग झोपवायचं. तासभर सहज जातो. पुढचं दूध पहिल्या दुधाच्या सुरुवातीपासून दोन तासांनी, म्हणजे मध्ये उरला एक तास. त्यात आंघोळ, जेवण, बघायला आलेल्या पाहुण्यांशी हसून बोलणं आणि झोप. 'बाळ दिवसातले सोळा तास झोपतं' हे खरं आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत झोपतं. आईच्या वाट्याला ते तुकडेसुद्धा पूर्ण येत नाहीत. तुम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री जागता ना? तशी रात्र रोज, आणि सबमिशनची तारीख नाही.

आणि दादा कुठे आहे? दादा आठव्या दिवशी हिंजवडीला. २०१७ साली कायदा बदलला आणि नोकरी करणाऱ्या आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोयही बंधनकारक झाली. चांगलंच झालं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबांना १५ दिवसांची रजा आहे. खासगी कंपनीतल्या बाबांसाठी मात्र तसा कायदाच नाही, कंपनी देईल तेवढी. आमच्या दादाला पाच दिवस मिळाले, त्यातले दोन हॉस्पिटलच्या बिलात आणि कागदपत्रांत गेले.

आजी म्हणते, आमच्या वेळी नव्हतं बाई हे सगळं. मला वाटायचं हा टोमणा आहे. नीट विचारलं तेव्हा कळलं की आजीच्या वेळी वाड्यात एका बाळंतिणीमागे पाच बायका होत्या. सव्वा महिना बाजेवर पडून राहायचं, खाली शेगडी, हातात आयती बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी. बाळाला न्हाऊ घालायला वेगळी बाई. आता सव्वा महिना आहे, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आहेत, शेपू आहे, पण त्या पाच बायका नाहीत. आमच्याकडे आई शाळेत शिकवते, काकूंचे, म्हणजे वहिनीच्या आईंचे, गुडघे दुखतात आणि आजी ऐंशीच्या घरात आहे. पुरुषांना तेव्हाही त्या खोलीत यायचं कारण नव्हतं. आमच्याकडे हॉलमध्ये दिवाणावर एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा होता. त्याच्याकडे कुणी काही मागितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

मध्येच एक महायुद्ध झालं ते सांगतो. आजीला सहाणेवर उगाळलेली गुटी द्यायची होती, तीसुद्धा मधातून. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. धुरीलाही नकार, बाळाच्या छातीला त्रास. आजी दुखावली. अशा वेळी तुमच्यासारख्या मधल्या वयाच्या माणसाला काम असतं. सून बोलली तर उलट बोलली, मुलगा बोलला तर बायकोचं ऐकतो, नातवाला मात्र सगळं माफ. मी आजीजवळ बसून टिपणवहीतलं वाचून दाखवलं. गुटी बंद झाली. लाडू आणि हलक्या हाताची मालिश चालू राहिली, कारण त्याला डॉक्टरांचीही हरकत नव्हती.

हे भांडण जुनंच आहे. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत ही सल त्यांना अमेरिकेला घेऊन गेली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. फिलाडेल्फियात बसून त्या आपल्या घरातल्या बाळंतपणावर लिहीत होत्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या गेल्या, अवघ्या एकविसाव्या वर्षी. म्हणजे तुमच्यातल्या टीवायच्या मुलामुलींएवढ्या.

आता खरी गोष्ट. बारसं होऊन आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती. रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर वहिनी स्वयंपाकघरात, दिवा न लावता, खाली फरशीवर बसलेली. बाळ आत झोपलं होतं. ती रडत होती. मी विचारलं, "काही हवंय का?" ती म्हणाली, "नाही रे, झोप तू." आणि मी खरंच जाऊन झोपलो. हेडफोन लावून.

दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "थकलीये, होतं असं." काकू म्हणाल्या, आम्ही चार-चार मुलं काढली. संध्याकाळी मी लंगोटांच्या घड्या घालत वहिनीशेजारी बसलो आणि बाळाबद्दल एक शब्दही न काढता विचारलं, "तू कशी आहेस?" खूप वेळाने ती बोलली. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नव्हती. आपण वाईट आई आहोत, बाळ दुसऱ्या कुणाकडे जास्त सुखी राहील, असंच डोक्यात फिरत होतं. आणि मग म्हणाली, तीन आठवड्यांत हे विचारणारा तू पहिलाच. बघायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, बाळ कसं आहे, कुणावर गेलंय, वजन किती.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, उदास वाटणं अगदी नेहमीचं आहे, ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही कमी होत नसेल, झोप उडाली असेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भीतीदायक विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. लाड, नखरे, 'आजकालच्या मुली' यातलं ते काहीही नाही. तो ओळखणं तुमचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. तुमचं काम एवढंच की दिसलं ते बोलायचं, पहिल्याच रात्री, माझ्यासारखं तिसऱ्या दिवशी नाही. घरात कुणाला सांगायचं सुचत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. समुपदेशन सुरू झालं आणि बाकीच्या उपचारांबरोबर एक साधी गोष्ट सांगितली गेली: हिला रोज सलग चार तास झोप मिळाली पाहिजे, कशी ते तुम्ही ठरवा. ठरवलं. रात्री दहाचं पाजून वहिनी माझ्या जुन्या खोलीत, दार बंद. काकू बाहेर हॉलमध्ये. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायला दादा, ढेकर काढायला आणि लंगोटाला मी. अडीचचा गजर झाला की बाळ तिच्याकडे. माझा सीजीपीए थोडा घसरला हे खरं आहे, पण तो आधीही फार उंच नव्हता.

बाकी किरकोळ कामं भरपूर आहेत आणि त्यात तुम्ही घरच्यांपेक्षा तरबेज आहात. २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद होते, पण ती झालीये का हे हॉस्पिटलात विचारून ठेवा; नाव नंतर घालता येतं, त्यामुळे नावावरून चाललेली भांडणं निवांत चालू द्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींच्या तारखा सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. पाहुण्यांना वेळा वाटून द्या. बसमधून आलात की आधी साबणाने हात धुवा, सर्दी असेल तर बाळापासून लांब. बाळाला झोपवताना पाठीवर. आणि चहा. चहा करता येत नसेल तर हा महिना शिकायला उत्तम आहे.

हे लिहू का, म्हणून वहिनीला विचारलं. "लिही, पण इस्त्रीचंही लिही," म्हणाली.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी बाहेर गेली. केस कापायला. घरात दादा आणि मी. जाताना तिने दूध कुठे आहे ते तीनदा सांगितलं, जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. बाळ वीस मिनिटं झोपलं आणि मग जे रडायला लागलं ते खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला येईपर्यंत. दादाच्या हातून वाटी सांडली. बाळाने माझ्या टीशर्टवर सगळं ओकून टाकलं. दीड तासाने वहिनी आली तेव्हा बाळ दादाच्या पोटावर गाढ झोपलं होतं.

"शांत होतं ना?" तिने विचारलं.

"एकदम," दादा म्हणाला.