पहिली जागा मोडलची

इंग्रजी वाक्याची घडण : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण ‘कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट’ या नऊ मोडल क्रियापदांचे अर्थ पाहिले. शक्यता, परवानगी, कर्तव्य, अंदाज या छटा आता ओळखीच्या झाल्या आहेत. पण अर्थ कळला तरी लिहिताना हात अडतो तो पुढच्या शब्दापाशी. ‘ही मस्ट टू गो’ की ‘ही मस्ट गो’? ‘शुड हॅव वेन्ट’ की ‘शुड हॅव गॉन’? ‘विल कॅन’ का चालत नाही? आजचा भाग या जोडणीचा आहे.

शाळेत आपल्याकडून तक्ते पाठ करून घेतात : मोडल अधिक व्ही-वन, मोडल अधिक हॅव अधिक व्ही-थ्री, मोडल अधिक बी अधिक आयएनजी, आणि असेच आणखी पाच-सहा. परीक्षा संपली की तक्ता विसरतो. खरं तर या सगळ्या तक्त्यांमागे एकच तत्त्व आहे : साखळीतला प्रत्येक शब्द फक्त आपल्या लगेच नंतरच्या क्रियापदाचं रूप ठरवतो. त्यापलीकडच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

हे तत्त्व चार नियमांत मावतं.

१. मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. त्याला ‘टू’ नाही, ‘एस’ नाही, ‘आयएनजी’ नाही. म्हणून ‘शी कॅन स्विम’, ‘ही मस्ट गो’.

२. ‘हॅव’नंतर तिसरं रूप येतं : ‘हॅव गॉन’, ‘हॅव सीन’.

३. चालू क्रिया दाखवणाऱ्या ‘बी’नंतर आयएनजी रूप येतं : ‘बी वर्किंग’.

४. कर्मणी प्रयोगातल्या ‘बी’नंतर तिसरं रूप येतं : ‘बी रिपेअर्ड’.

यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी मोडल, मग ‘हॅव’, मग चालू क्रियेचं ‘बी’, मग कर्मणीचं ‘बी’ आणि सर्वांत शेवटी मुख्य क्रियापद. मधला कोणताही शब्द गाळता येतो, पण क्रम बदलता येत नाही. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोटेखानी पुस्तकात हीच साखळी एका सूत्रात बसवली. ‘हॅव’ आणि तिसऱ्या रूपाचा प्रत्यय ही एक जोडी, ‘बी’ आणि ‘आयएनजी’ ही दुसरी जोडी. प्रत्येक जोडीतला प्रत्यय उडी मारून पुढच्या क्रियापदाला चिकटतो, अशी ती मांडणी होती.

आता एक वाक्य सावकाश उलगडून पाहू : ‘द लेटर शुड हॅव बीन सेन्ट यस्टरडे.’ पत्र काल पाठवलं जायला हवं होतं. ‘शुड’ हे मोडल, त्याला नंतर मूळ रूप हवं, म्हणून ‘हॅव’. कर्ता ‘लेटर’ एकवचनी आहे, तरी इथे ‘हॅज’ येणार नाही, कारण हे रूप कर्त्याने ठरवलेलं नाही, ‘शुड’ने ठरवलं आहे. ‘हॅव’ला तिसरं रूप हवं, म्हणून ‘बी’चं झालं ‘बीन’. हे ‘बी’ कर्मणीचं, त्यालाही नंतर तिसरंच रूप हवं, म्हणून ‘सेन्ड’चं झालं ‘सेन्ट’. पाठ केलेला तक्ता आठवावा लागला नाही. एकेक पाऊल टाकत आपण शेवटपर्यंत पोचलो. ‘शुड हॅव वेन्ट’ का चुकतं, तेही इथेच कळतं. ‘वेन्ट’ हे दुसरं रूप आणि ‘हॅव’ची मागणी तिसऱ्याची.

मराठी माणसाला ही साखळी परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही ती आहे, फक्त उलट्या दिशेने. ‘रस्ता दुरुस्त केला जात असेल’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत : ‘द रोड मे बी बीइंग रिपेअर्ड.’ इंग्रजी वाक्य शेवटाकडून वाचा : ‘रिपेअर्ड’ म्हणजे ‘दुरुस्त केला’, ‘बीइंग’ म्हणजे ‘जात’, ‘मे बी’ म्हणजे ‘असेल’. दोन्ही भाषांत तेच घटक आहेत आणि क्रम अगदी उलटा आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि साहाय्यक क्रियापदं त्याच्यामागून जोडली जातात; इंग्रजीत साहाय्यक आधी आणि मुख्य क्रियापद नंतर. एरवी ‘मे बी बीइंग’ अशी वाक्यं बोलण्यात क्वचितच येतात, पण रचना समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

मात्र एका जागी दोन्ही भाषा वेगळ्या वाटेने जातात आणि आपल्या बहुतेक चुका तिथेच होतात. मराठीतल्या ‘शकणे’ला बहुतेक सगळी रूपं आहेत : शकतो, शकला, शकेल, शकत असेल. इंग्रजी ‘कॅन’ला मूळ रूप नाही, आयएनजी रूप नाही, तिसरं रूपही नाही. साखळीतली पहिली जागा सोडली तर प्रत्येक जागेवर मागचा शब्द काही ना काही रूप मागतो. मोडलकडे द्यायला त्यातलं एकही रूप नाही, म्हणून ते फक्त पहिल्या जागेवर बसू शकतं. पहिली जागा एकच, म्हणून एका साखळीत मोडलही एकच. ‘जाऊ शकेल’ मनात धरून ‘विल कॅन गो’ लिहिलं की ‘विल’ मूळ रूप मागतं आणि ‘कॅन’ ते देऊ शकत नाही.

अशा वेळी इंग्रजी बदली शब्द वापरते. ‘कॅन’च्या बदली ‘बी एबल टू’, ‘मस्ट’च्या बदली ‘हॅव टू’. ‘शी विल बी एबल टू गो’, ‘शी मे हॅव टू वेट’. यात ‘एबल’ हे विशेषण आहे, क्रियापद नाही, त्यामुळे ‘बी’शिवाय ते उभं राहत नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘आय कॅन एबल टू’ इथेच घसरतं. ‘आय कॅन’ म्हणा किंवा ‘आय अ‍ॅम एबल टू’ म्हणा.

स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘माइट कुड’ अशी दोन मोडल एकत्र बोलली जातात. ती तिथल्या बोलीची खरी, जिवंत रचना आहे. प्रमाण इंग्रजी लिहिताना मात्र ती चालत नाही.

मोडलची ही रूपं गेली कुठे? जुन्या इंग्रजीत ही साधी क्रियापदं होती. ‘कॅन’ म्हणजे माहीत असणं, ‘मे’ म्हणजे सामर्थ्य असणं, ‘शॅल’ म्हणजे देणं लागणं. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या लिखाणात ‘शॅल’नंतर ‘कॅन’चं मूळ रूप आलेलं सापडतं, म्हणजे आज चूक ठरणारी जोडी तेव्हा चालत होती. पुढे ती रूपं वापरातून गेली. ‘ही कॅन्स’ का होत नाही, याचं उत्तरही इतिहासात आहे. यातल्या बहुतेक क्रियापदांचा वर्तमानकाळ त्याहूनही जुन्या भूतकाळी रूपांतून आला आहे आणि भूतकाळी रूपाला ‘एस’ लागत नाही. ‘मस्ट’ तर मुळात भूतकाळाचंच रूप; ते वर्तमानासाठी वापरात आलं आणि त्याला वेगळा भूतकाळ उरला नाही.

म्हणूनच ‘मला काल दवाखान्यात जावं लागलं’ याचं इंग्रजी ‘आय हॅड टू गो’ असं होतं. ‘ही मस्ट हॅव गॉन’चा अर्थ अगदी वेगळा : तो नक्की गेला असणार. मोडलनंतर ‘हॅव’ आणि तिसरं रूप आलं की बहुतेक वेळा आपण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलतो. ‘मस्ट हॅव’ म्हणजे खात्रीचा अंदाज, ‘मे हॅव’ म्हणजे कदाचित झालं असेल, ‘शुड हॅव’ म्हणजे बहुतेक वेळा व्हायला हवं होतं पण झालं नाही. हा फरक नीट सांभाळा. पत्रात ‘यू शुड हॅव कॉल्ड’ लिहिलं तर तो ठपका होतो. ‘यू मस्ट हॅव कॉल्ड’ लिहिलं तर तो नुसता अंदाज राहतो.

कानाचा एक धोकाही सांगायला हवा. भरभर बोलताना ‘कुड हॅव’ हे ‘कुडव’ असं ऐकू येतं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही कित्येकदा ते ‘कुड ऑफ’ असं लिहून बसतात. ऐकून इंग्रजी शिकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं : मोडलला क्रियापद हवं आणि ‘ऑफ’ हे क्रियापद नाही.

या आठवड्याचा सराव : पुढच्या वाक्यांचं इंग्रजी करा आणि प्रत्येक शब्द लिहून झाला की स्वतःला विचारा, हा शब्द नंतर कोणतं रूप मागतो?

१. पुढच्या वर्षी मी न अडखळता इंग्रजी बोलू शकेन.
२. तू मला आधी सांगायला हवं होतंस.
३. त्यांचं नवं घर बांधलं जात असेल.
४. आम्हाला रात्रभर स्टेशनवर थांबावं लागलं.

उत्तरं पुढच्या भागात. त्याच भागात या साखळीत ‘नॉट’ कुठे बसतं ते पाहू, कारण ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे देऊ नका आणि ‘यू डोन्ट हॅव टू पे’ म्हणजे पैसे द्यायची गरज नाही.