आमची मंदगती जीप

“बाबा, ही गाडी आता मोडीत काढा!” गेल्या गणपतीत गावी निघताना चिरंजीवांनी बजावले, आणि आईला आपल्या नव्या मोटारीत बसवून ते भुर्रकन पुढे गेले. मागून मी आणि माझी १९६५ सालची जीप. मुंबई-गोवा रस्त्यावर एस.टी.च काय, टेम्पोवालेसुद्धा आम्हाला मागे टाकत होते.

याचे मर्म गिअरांत आहे. आजकालच्या मोटारीचे चाक एकदा फिरायला टॉप गिअरमध्ये इंजिनाला तीन-चार फेरे पुरतात; हिला सव्वापाचांहून अधिक लागतात. ताशी ६० किलोमीटरलाच इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या घरात फिरते, आणि ८० ला नुसता आक्रोश! शिवाय पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अवघे ८० इंच, स्प्रिंगांची पाती कडक. खड्डा रस्त्यात असतो, पण कळतो मणक्यात.

पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वराकडे चढतो. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत हा रस्ता वाहून गेला होता; पावसात इकडची माणसे आभाळ पाहूनच घराबाहेर पडतात. घाटातून खाली उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर आमची वाडी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाई न्हाणीपाशी घसरल्या. वय ७८. पाय हलवता येईना. रात्रभराच्या पावसाने वाटेची नुसती राड झालेली. रुग्णवाहिका येणार ती डांबरी सडकेपर्यंतच; चिरंजीवांची मोटारही तिथेच उभी. मंडळी डोली बांधायला निघाली, तेवढ्यात सौ. म्हणाली, “अहो, जीप आहे ना!”

फाळका सोडून गादी अंथरली, पायाला बांबूच्या कांबी बांधल्या. गिअरच्या दांड्याशेजारी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके इंजिनाला जोडली, दुसऱ्याने ‘लो’ टाकला. ‘लो’मध्ये वेग सुमारे अडीच पटींनी घटतो आणि चाकांतला जोर तेवढाच वाढतो. माणसाच्या चालीने, चिखल कापीत ती चढू लागली. चिरंजीव मागे आत्याबाईंचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. एका वळणावर मागचे चाक सरकले, पुढच्यांनी ओढून घेतले. आत्याबाई कण्हल्या, माझे हात थरथरत होते.

सडक लागताच चार चाकांची जोडणी मी सोडवली. कोरड्या डांबरावर ती ठेवू नये. वळणावर पुढची-मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत, आणि तो ताण गिअरांवर येतो.

आत्याबाईंना घेऊन रुग्णवाहिका सुसाट गेली, मागोमाग चिरंजीवांची मोटार. मी महाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा एक्स-रे काढूनसुद्धा झाला होता! हाड मोडले होते, पण जिवाला धोका नव्हता.

“बाबा, उशीर केलात,” चिरंजीव म्हणाले. मग जरा थांबून, “मोडीत काढायचं मात्र राहू द्या.”

आत्याबाई आता काठी टेकीत अंगणात येतात. दिवाळीला वाडीवर जायचे आहे. जीप पहाटे निघेल, मोटार न्याहारीनंतर!