इलेक्ट्रॉनिक संगीतात 'बेस्ट ऑफ' चालतं का? 🎧

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीत डीजे दोन मिनिटांत गाणं बदलतो आणि कुणाची तक्रार नसते. पण सगळंच इलेक्ट्रॉनिक संगीत असं तोडून चालत नाही.

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचं 'ऑटोबान' (1974) 22 मिनिटांहून मोठं. रेडिओसाठी ते साडेतीन मिनिटांवर आणलं. चाल राहिली, प्रवास गेला! 1991 च्या 'द मिक्स'मध्ये त्यांनी जुनी गाणी नुसती गोळा केली नाहीत, नव्यानं घडवली.

आता मुंबईचे वादक चरणजित सिंग ऐका. त्यांचा अल्बम 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', 1982. टीआर-808 ड्रम मशीनचा ठेका, टीबी-303 सिंथेसायझरचा घरंगळणारा बेस आणि वर ललत, यमन, मालकंस. तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. 2010 च्या पुनर्प्रकाशनानंतर मात्र जगभर चर्चा झाली. इथं प्रत्येक राग पाचेक मिनिटांत पुरा होतो, त्यामुळं एखादा ट्रॅक सुटा काढला तरी बिघडत नाही.

माझं मत: ट्रॅक एकटा उभा राहत असेल, तर 'बेस्ट ऑफ' बिनधास्त घ्या. रंग चढायला वेळ लागत असेल, तर अख्खा अल्बमच लावा. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात तेवढा दम सगळ्यांकडं असायलाच हवा!

तुमची निवड कमेंटमध्ये सांगा.