कारखान्याचा अनुभव आणि संशोधकाची वही

गोविंदपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला कारखाना म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, १९७४ साली ती भेलमध्ये विलीन झाली आणि तिला सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने भोवतालच्या औद्योगिक वसाहतीत उभे राहिले. चाचणीत ट्रान्सफॉर्मर नापास झाला, तर तो उघडून दोष शोधावयाचा, अहवाल ड्रॉइंग ऑफिसात पाठवावयाचा आणि पुढचा नमुना सुधारावयाचा, ही शिस्त आपल्यापैकी कित्येकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

आज आपल्या अनेक घरांतील मुले व नातवंडे पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची मालिका. ती झिजत नाही, गंजत नाही, तरीही तिच्यात बिघाड निघतो. कारण दोष धातूत नसून, ती लिहिताना मनाशी धरलेल्या गृहीतात असतो. ते गृहीत डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या व्यवसायात अनुभव लिहून ठेवण्याची व तो अभ्यासकांपर्यंत पोहोचविण्याची गरज अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

या शास्त्राचा आरंभच मुळी अशा देवाणघेवाणीतून झाला. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विद्यमाने परिषद भरली. विद्यापीठांतील प्राध्यापक आणि कंपन्यांत प्रत्यक्ष काम करणारे लोक एकत्र बसले, आणि मोठी कामे वेळेवर पुरी होत नाहीत, खर्च अंदाजाबाहेर जातो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव तेथूनच रूढ झाले. परंतु पुढच्याच वर्षी रोम येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत दोन्ही पक्षांचे सूर जुळेनात. ही दरी त्या परिषदेच्या अहवालातच नमूद आहे, आणि ती अद्याप पुरती बुजलेली नाही.

अनुभव उघड केल्याने काय साधते, याचे एक उदाहरण पाहू. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियान ४ मधील आज्ञांचा एक भाग नव्या रॉकेटात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटाचा आडवा वेग अधिक असल्याने एक संख्या १६ बिटांच्या ठराविक जागेत मावली नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. एका गणितज्ञाच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल पुढच्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. जगभरच्या वर्गांत तो शिकविला जातो, आणि आज्ञावली न चालविताच असे दोष हुडकण्याच्या संशोधनास त्याने चालना दिली. अहवाल कपाटात राहता, तर एवढ्या मोठ्या हानीतून दुसरा कोणी काही शिकला नसता.

आपल्या देशातही असे प्रयत्न झाले आहेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली पुण्यात संशोधन केंद्र काढले. उद्योगाच्याच छत्राखाली असल्याने तेथील संशोधकांना प्रत्यक्ष वापरातील आज्ञावलींवर काम करता आले. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने, आज्ञावलीची निर्दोषता गणिताने पडताळण्याचे केंद्र निघाले. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची भारतीय परिषद २००९ व २०१९ साली पुण्यास आणि २०२० साली आपल्या जवळच्या जबलपुरास भरली होती.

मग अडते कोठे? कंपनीला प्रतिस्पर्ध्याची व ग्राहकाच्या गुपिताची काळजी असते. अभियंत्याला एक काम संपण्यापूर्वीच दुसरे हाती येते. संशोधक लहान, नीटनेटक्या उदाहरणांवर पद्धती तपासतो आणि कारखान्यातील वीस वर्षांची, दहा हातांनी ठिगळे लावलेली आज्ञावली त्याच्या दृष्टीस पडत नाही. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, पण नुकसान दोघांचेही होते.

यावर उपाय अवघड नाही. अभियंत्याने ग्राहकाचे नाव व गुप्त आकडे वगळून आणि वरिष्ठांच्या संमतीने एवढेच लिहावे : काय गृहीत धरले होते, प्रत्यक्षात काय घडले, दोष किती काळ दडून राहिला आणि कशाने सापडला. संशोधकाने निष्कर्ष काढून थांबू नये. तो सोप्या भाषेत पुन्हा कारखान्यात न्यावा, आणि आपली पद्धत जेथे फसली तेही सांगावे. केवळ यशाच्या कथांनी ज्ञान वाढत नाही.

आपली मुले दिवाळीस घरी येतात. येथील मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत शिकणारे विद्यार्थी, ही नोकरदार मुले आणि निवृत्त सभासद यांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे, अशी आमची सूचना आहे. नापास ट्रान्सफॉर्मरचा अहवाल ज्यांनी लिहिला, त्यांच्याजवळ या नव्या व्यवसायाला देण्याजोगे पुष्कळ आहे.