खड्ड्याचिखलातली गाडी, घरच्या घरी!

दोस्तांनो, पावसाळ्यात एखादी एस.टी. चिखलात रुतलेली तुम्ही पाहिली असेलच. ड्रायव्हरकाका गिअर टाकतात, इंजिन घूं घूं करतं, मागचं चाक गरगर फिरतं, पण गाडी काही जागची हलत नाही! उलट चाक आणखीच खोल जातं. शेवटी उतारूंना खाली उतरून धक्का द्यावा लागतो. इतक्यात शेजारून एक जुनी जीप येते आणि त्याच चिखलातून डुलत डुलत निघूनही जाते. तिचं इंजिन तर एस.टी.च्या इंजिनाहून कितीतरी लहान! मग हे तिला जमतं कसं? आणि अशी गाडी थोड्या पैशांत घरी बनवता येईल का?

साठ हजारांची जीप

येईल का म्हणून काय विचारता, एकाने बनवलीसुद्धा! सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार लोहारकाम करतात. त्यांचं शिक्षण बेताचंच, पण हातात कसब भारी. मुलाला गाडी हवी होती, म्हणून त्यांनी भंगारातले जुने भाग जमवून, कापून, जोडून एक छोटीशी जीप तयार केली. खर्च आला सुमारे ६०,००० रुपये. गंमत म्हणजे ही जीप चावीने नाही, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते!

डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या जीपची चित्रफीत पाहिली आणि त्यांनी लोहारांचं जाहीर कौतुक केलं. पण त्याबरोबर त्यांनी असंही लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती अडवणारच. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी नवीकोरी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

आता तुम्ही म्हणाल, गाडी चालते, कारागीर हुशार, मग नियम आडवा का? या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत. आधी चिखल तर पार करू या!

घाईत जन्मलेली जीप

जीप जन्मली तीच मुळी घाईगडबडीत. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती, आणि तीही ताबडतोब. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि मिळालेल्या ४९ दिवसांत कंपनीने पहिली गाडी बनवून सैन्याच्या हवाली केली. पुढे विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. दारं नाहीत, छप्पर कापडाचं, वजन जेमतेम १,१०० किलो आणि इंजिन ६० अश्वशक्तीचं. नको ते सगळं वगळलेलं!

युद्धानंतर अशीच एक जुनी जीप मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर राबत होती. हे गृहस्थ इंग्लंडच्या रोव्हर कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्यांना वाटलं, अशी गाडी आपणच का बनवू नये? १९४७ साली कंपनीने पहिला नमुना बनवला तो चक्क जीपच्या सांगाड्यावर! पोलादाची टंचाई होती, म्हणून बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. तीच १९४८ साली लोकांपुढे आलेली लँड रोव्हर. आपल्याकडेही महिंद्रा कंपनीने विलीस जीपचे भाग आणून जोडायला सुरुवात केली, बरं का!

म्हणजे काटकसर ही या गाड्यांच्या रक्तातच आहे.

चिखलातून जायला काय लागतं?

पहिली गोष्ट, पोटाखालची जागा. गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं, नाहीतर मधला दगड खाली घासतो आणि गाडी त्यावरच अडकून बसते. मग गाडी खूप उंच केली तर? एक आगपेटी घ्या. ती आडवी ठेवून टिचकी मारा, नंतर उभी ठेवून मारा. उभी पटकन आडवी होते ना? तसंच उंच गाडीचं. उतारावर ती लवकर कलंडते. म्हणून उंची हवी, पण बेताने.

दुसरी गोष्ट, चाकांची पकड. शाळेच्या कवायतीत तुमची रांग वळते, तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाचा भराभर चालतो. हो ना? गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची एक पेटी आसाच्या मध्यावर असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. रस्त्यावर ती फार कामाची. पण चिखलात तीच घात करते! एक चाक घसरायला लागलं, की सगळं फिरणं त्या निसटत्या चाकाकडेच जातं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक गप्प उभं राहतं. आपल्या एस.टी.चं हेच झालं होतं.

जीपमध्ये गरज पडली, की मागच्याबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देता येते. मागची फसली तर पुढची ओढतात. ट्रॅक्टरवर वेगळीच युक्ती असते. पायाने एक दांडी दाबली, की मागची दोन्ही चाकं जणू एकमेकांना बांधली जातात आणि बरोबरच फिरतात. घरात ट्रॅक्टर असेल तर बाबांना किंवा काकांना ती दांडी दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट, सावकाश ताकद. गिअरच्या सायकलवर चढ चढताना तुम्ही काय करता? असा गिअर टाकता, की पॅडल भराभर फिरतं आणि सायकल मात्र हळूहळू जाते. दम कमी लागतो आणि चढ पार होतो. जीपमध्ये नेहमीच्या गिअरपेटीला जोडून आणखी एक पेटी असते. ती चाकांचा वेग कमी करते आणि जोर वाढवते. म्हणूनच छोटं इंजिनही मोठा चढ चढून जातं.

पाहिलंत? या तिन्ही गोष्टींत महागड्या, दांडग्या इंजिनाचं नाव कुठेच आलं नाही!

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

अशी गाडी बांधणारे लोक सहसा एक जुनी गाडी विकत घेतात आणि तिचा सांगाडा, आस, गिअरपेटी वापरतात. पत्रे साधे चालतात. रंग हाताने दिला तरी चालतो. सीट फाटकं असलं तर वरून पोतं टाकता येतं. इंजिन जुनं असेल तर फार तर काय होईल? वाटेत बंद पडेल. चालत घरी यावं लागेल, चार लोक हसतील, बस्स!

पण ब्रेक? गाडी सुरू झाली नाही तर चालेल हो, पण थांबली नाही तर? नीट ध्यानात ठेवा, गाडीचा वेग दुप्पट झाला की तिला थांबवायला चौपट काम लागतं. म्हणजे ताशी २० किलोमीटरला छान थांबणारी गाडी ताशी ४० ला तशीच थांबेल असं मुळीच नाही. स्टिअरिंगचं आणि जोडांच्या वेल्डिंगचंही तेच. तिथे पैसे वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि जीव काही फक्त चालवणाऱ्याचा नसतो. समोरून सायकलवर शाळेत जाणारी मुलगीही त्या ब्रेकवर भरवसा ठेवूनच चाललेली असते!

आता नियमाचं कोडं सुटलं ना? कारखान्यातल्या गाडीच्या नमुन्याचे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आधी तपासले जातात. घरी बनवलेल्या गाडीची अशी परीक्षा झालेली नसते. म्हणूनच मंजुरी आणि नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कारागिराचा अपमान करायला नव्हे, त्या सायकलवरच्या मुलीसाठी हा नियम आहे.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटार देऊ नका. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीनंतर मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

करून पाहा : रिळाची गाडी

हिरमुसू नका! परवान्याची गरज नसलेली, चढ चढणारी गाडी आपण आजच बनवू या.

साहित्य : शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ, रिळापेक्षा किंचित लांब रबरबँड, आगकाडीचा अर्धा तुकडा (गूल काढून टाका), मेणबत्तीची जाडसर चकती, एक लांब काडी किंवा रिकामी रिफिल, चिकटपट्टी.

कृती : मेणबत्तीची चकती कापून तिला मधोमध भोक पाडायचं काम मोठ्यांकडून करून घ्या. रबरबँड रिळातून आरपार ओवा. एका बाजूला त्याच्या फासात आगकाडीचा तुकडा अडकवा आणि तो चिकटपट्टीने पक्का करा. दुसऱ्या बाजूचा फास चकतीच्या भोकातून बाहेर काढा आणि त्यात लांब काडी घाला. काडीचं एक टोक रिळाच्या कडेबाहेर आलं पाहिजे. आता काडी तीस-चाळीस वेळा फिरवून रीळ जमिनीवर ठेवा. पाहा, गाडी कशी कासवासारखी निघाली!

आता एका वहीखाली पुस्तकं ठेवून चढ तयार करा. एक पुस्तक, मग दोन, मग तीन. गाडी कुठे घसरते ते लिहून ठेवा. मग रिळाच्या दोन्ही कडांवर एकेक रबरबँड घट्ट चढवा आणि पुन्हा चढवून पाहा. आतला रबरबँड, म्हणजे तुमचं इंजिन, तेच आहे. फक्त पकड बदलली. किती पुस्तकांचा फरक पडला? उद्या वर्गात मित्रमैत्रिणींच्या गाड्यांशी शर्यत लावा. पण शर्यत वेगाची नाही हं, चढाची!