कमी शक्ती, दूरचा पल्ला: हौशी रेडिओ आणि मोर्स स्पर्धा

या पाठाचा हेतू: रेडिओलहरींचे प्रसारण, बँडविड्थ आणि संकेतन हे तीन विषय तुम्ही वेगवेगळ्या प्रकरणांत शिकता. हौशी रेडिओचालकाला मात्र एकाच वेळी तिन्ही वापरावे लागतात. मोर्स संकेताच्या स्पर्धेचे उदाहरण घेऊन ते एकत्र कसे येतात ते येथे पाहू. संप्रेषण अभियांत्रिकीची प्राथमिक ओळख आणि लॉगरिदम एवढे पूर्वज्ञान पुरेसे आहे.

१. प्रश्न काय आहे?

जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा दिवा एक खोली उजळतो. तेवढ्याच शक्तीचा प्रक्षेपक आणि गच्चीवर ताणलेली दहा मीटर तार घेऊन भारतातला हौशी रेडिओचालक ब्राझीलमधल्या चालकाशी बोलतो. मध्ये उपग्रह नाही, इंटरनेट नाही, समुद्राखालची केबलही नाही. अशा दूरच्या संपर्काला रेडिओचालक ‘डीएक्स’ म्हणतात.

हे शक्य होते ते तीन निवडींमुळे: लहर कोणत्या वारंवारतेवर सोडायची, ती किती अरुंद ठेवायची आणि तिच्यावर किती कमी अक्षरे चढवायची. यातली एक निवड चुकली तरी शक्ती दुप्पट करून फारसे काही साधत नाही.

२. टाकाऊ ठरवलेल्या लहरी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज असा होता की तरंगलांबी जितकी मोठी तितका पल्ला दूरचा. म्हणून अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून लहान लहरींवर ढकलले. व्यापारी आणि नौदल केंद्रांना त्या लहरी निरुपयोगी वाटत होत्या.

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे अमेरिकी हौशी चालक स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे तंबूत ग्राहक लावून बसले आणि त्यांनी अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे मोर्स संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लिओं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे १०० मीटर तरंगलांबीवर दुतर्फा संपर्क झाला. टाकाऊ म्हणून दिलेली जागाच सर्वांत मोलाची ठरली. पुढे व्यापारी आणि सरकारी केंद्रेही लघुलहरींकडे वळली.

३. पहिली निवड: वारंवारता

लघुलहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे. तरी त्या दूर पोचतात, कारण आयनांबर त्यांना वाकवून परत जमिनीकडे पाठवते. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वरच्या हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांचे थर बनतात. आपल्याला येथे दोन थर महत्त्वाचे:

• डी थर (सुमारे ६० ते ९० किलोमीटर): हा दिवसा असतो आणि लहरी शोषतो. वारंवारता कमी तितके शोषण जास्त. सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो.
• एफ-२ थर (साधारण २५० ते ४०० किलोमीटर): हा लहरी परतवतो. रात्री क्षीण होतो, पण टिकून राहतो. एका उडीत लहर तीन ते चार हजार किलोमीटर जाते. मुंबई ते न्यूयॉर्क हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतर किमान चार उड्यांत कापावे लागते.

उभी सोडलेली लहर ज्या कमाल वारंवारतेपर्यंत परत येते तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. एका घनमीटरमधील इलेक्ट्रॉनांची संख्या ‘न’ असेल, तर

क्रांतिक वारंवारता (हर्ट्झमध्ये) ≈ ९ × √न

लहर तिरपी सोडली तर याहून वरची वारंवारताही परत येते. क्षितिजालगत सोडलेल्या लहरीसाठी, एफ-२ थराच्या उंचीवर, ही वाढ सुमारे तिप्पट असते.

सोडवलेले उदाहरण: भर दुपारी न = १०¹² धरू. क्रांतिक वारंवारता ९ मेगाहर्ट्झ, म्हणून कमाल वापरयोग्य वारंवारता सुमारे २७ मेगाहर्ट्झ. म्हणजे २१ मेगाहर्ट्झचा (१५ मीटर) बँड उघडा आहे. रात्री न = १०¹¹ झाले, तर क्रांतिक वारंवारता २.८५ आणि कमाल वारंवारता सुमारे ८.५ मेगाहर्ट्झ. आता १५ मीटर आणि २० मीटर दोन्ही बँड बंद. ७ मेगाहर्ट्झचा (४० मीटर) बँड मात्र चालू. डी थरही नाही, त्यामुळे तो दिवसापेक्षा कितीतरी दूर पोचतो.

यावरून चालकाचा साधा नियम निघतो: सूर्य वर चढेल तसे वरच्या बँडवर जा, मावळेल तसे खाली या. याखेरीज सुमारे ११ वर्षांचे सौरचक्र ‘न’ची किंमत वरखाली करते. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले.

या अभ्यासात भारताची जागा खास आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळमधील थुंब्याजवळून जाते. १९६३ मध्ये अग्निबाण-प्रक्षेपणासाठी ती जागा निवडण्याचे तेच मुख्य कारण. शिशिरकुमार मित्र यांनी कोलकात्यात आयनांबराचे प्रयोग केले आणि १९४७ मध्ये त्यांचा ‘द अप्पर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ आला.

४. दुसरी निवड: बँडविड्थ

ग्राहकात शिरणारी नॉइजची शक्ती बँडविड्थच्या समप्रमाणात असते. खिडकी जितकी रुंद उघडाल तितकी धूळ आत येणार.

एकपार्श्वपट्टी पद्धतीने आवाज पाठवायला सुमारे २,५०० हर्ट्झ लागतात. मोर्ससाठी २५० हर्ट्झचा फिल्टर पुरेसा होतो. नॉइज दहापट कमी झाला; म्हणजे १० लॉग १० = १० डेसिबल फायदा. दुसऱ्या शब्दांत, सिग्नल-नॉइज गुणोत्तर सारखेच हवे असेल तर आवाजासाठी १०० वॅट लागतात तेथे मोर्सला १० वॅट पुरतात. ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर काम करण्याचा एक स्वतंत्र छंदच आहे. त्याला ‘क्यूआरपी’ म्हणतात.

येथे एक शंका यायला हवी. संगणकावर चालणाऱ्या अंकीय पद्धती मोर्सपेक्षाही क्षीण सिग्नल ओळखतात. उदाहरणार्थ, २०१७ मध्ये आलेली एफटी८ पद्धत कानाला ऐकूही न येणारा संकेत वाचते. मग मोर्स कशाला? उत्तर वेळेत आहे. एफटी८ मध्ये प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असते आणि एका संपर्काला साधारण एक मिनिट जाते. स्पर्धेतील मोर्सचा संपर्क १० ते १५ सेकंदांत उरकतो. संवेदनशीलता की वेग, ही देवघेव अभियंत्याला सगळीकडे भेटते. शिवाय मोर्सच्या प्रक्षेपकाचे मंडल विद्यार्थ्याला स्वतः जोडता येते आणि संकेत उलगडायला कान पुरतो.

५. तिसरी निवड: कमीत कमी अक्षरे

मोर्समधील कालमापन असे: टिंब १ एकक, रेघ ३ एकके, अक्षराच्या आतील अंतर १, दोन अक्षरांमधील ३, दोन शब्दांमधील ७. ‘पॅरिस’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, मागच्या अंतरासह पाठवायला नेमकी ५० एकके लागतात; म्हणून वेग मोजायला तो प्रमाण मानतात. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने एक एकक ४० मिलिसेकंदांचे होते.

इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ई या अक्षराला एकच टिंब आहे. नेहमी लागणारे छोटे, क्वचित लागणारे मोठे; १९५२ च्या हफमन संकेतनामागचे तत्त्व हेच. स्पर्धक त्याच्याही पुढे जातात. स्पर्धेत प्रत्येक जण समोरच्याला ‘५९९’ असा सिग्नलचा दर्जा देतो. मोर्समध्ये ९ हा अंक चार रेघा आणि एक टिंब असा लांबलचक आहे. त्याऐवजी एन (– •) पाठवतात: ‘५एनएन’. हिशेब करू:

• ५९९: ९ + ३ + १७ + ३ + १७ = ४९ एकके, म्हणजे १.९६ सेकंद
• ५एनएन: ९ + ३ + ५ + ३ + ५ = २५ एकके, म्हणजे १ सेकंद

एका संपर्कात ०.९६ सेकंद वाचला. हजार संपर्कांत सोळा मिनिटे.

सिग्नल क्षीण असो की जोरदार, सगळे ५९९ च देतात. मग या दर्जात माहिती किती? शॅननच्या व्याख्येनुसार शून्य, कारण जे आधीच ठाऊक आहे त्यात माहिती नसते. तरीही ते पूर्ण वाया जात नाही. परिचित लय कानावर पडली की ‘आता खरी माहिती येणार’ अशी सूचना मिळते. अंकीय चौकटीच्या सुरुवातीला जोडलेले ठरावीक बिट हेच काम करतात.

६. स्पर्धेतील एक संपर्क

‘सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स’ ही जगातील मोठ्या स्पर्धांपैकी एक. तिची मोर्स फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, ४८ तास चालते. भारतीय वेळेनुसार ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. सहा बँडांवर काम चालते. देवघेव करायची ती दोनच गोष्टींची: सिग्नलचा दर्जा आणि आपला विभाग-क्रमांक. स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. संभाषण असे होते:

अ: सीक्यू टेस्ट (आणि स्वतःचे संकेतनाम)
ब: (फक्त स्वतःचे संकेतनाम, एकदाच)
अ: (ब चे संकेतनाम) ५एनएन २२
ब: ५एनएन १४
अ: टीयू (आणि संकेतनाम, पुढच्यासाठी वाट मोकळी)

येथे ‘अ’ भारतात आहे, ‘ब’ पश्चिम युरोपात. ‘अ’ने ‘ब’चे नाव परत उच्चारले ही पोच आहे. ते चुकले असेल तर ‘ब’ लगेच दुरुस्त करतो. संकेतनाम दुहेरी तपासले जाते आणि ५एनएन घाईत उरकतात: जेथे माहिती आहे तेथेच वेळ खर्च करायचा.

भारताचा मुख्य भूभाग विभाग २२ मध्ये येतो. संकेतनामाची सुरुवात पाहून संगणक आपणच विभाग भरतो, आणि नवशिका ऐकणे सोडून देतो. पण अंदमान-निकोबार विभाग २६ मध्ये आहे. यंत्राने सुचवलेले आणि कानाने ऐकलेले जुळत नसेल, तर कानावर विश्वास ठेवा किंवा पुन्हा विचारा.

गुणांचा हिशेबही विचार करायला लावतो. दुसऱ्या खंडातील संपर्काला ३ गुण, आशियातीलच दुसऱ्या देशाला १, स्वतःच्या देशाला ०. गुणांच्या बेरजेला विभाग आणि देश यांच्या एकूण संख्येने गुणायचे. प्रत्येक बँडवर ही संख्या नव्याने मोजतात. समजा तुमचे दुसऱ्या खंडांशी ३०० संपर्क झाले आणि गुणक ७० आहे: ९०० × ७० = ६३,०००. आणखी दहा सामान्य संपर्क केले तर ९३० × ७० = ६५,१००. त्याऐवजी नवा विभाग आणि नवा देश देणारा एकच संपर्क मिळाला तर ९०३ × ७२ = ६५,०१६. एक दुर्मीळ केंद्र जवळपास दहा सामान्य केंद्रांच्या तोडीचे. म्हणून एका जागी हाका मारत बसायचे की बँडभर शोधत फिरायचे, हा निर्णय दर तासाला नव्याने घ्यावा लागतो.

७. नोंदवही खोटे बोलत नाही

स्पर्धा संपल्यावर नोंदी आयोजकांकडे पाठवायच्या असतात. तेथे तुमची प्रत्येक नोंद समोरच्याच्या नोंदीशी संगणकाने ताडून पाहतात. संकेतनामातील एक अक्षर चुकले तर तो संपर्क बाद होतो, वर जादा गुणही कापतात. नवशिक्यांचा घोळ बहुधा टिंबांच्या मोजणीत होतो: एस म्हणजे तीन टिंबे, एच म्हणजे चार, ५ म्हणजे पाच. टिंबे मोजणारा चुकतो. लय ओळखणारा सहसा चुकत नाही. शंका असेल तर ‘?’ पाठवून पुन्हा विचारण्यात दोन सेकंद जातात. चुकीची नोंद त्याहून महाग पडते.

८. अंदमान, डिसेंबर २००४

‘हा सगळा खेळच ना?’ असे कोणी विचारले तर हे उदाहरण सांगा. अंदमान-निकोबार हे दूरसंपर्काच्या यादीत स्वतंत्र ‘देश’ मानले जाते आणि अनेक वर्षे तेथून हौशी प्रक्षेपण झाले नव्हते. हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’चे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेले. जगभरचे चालक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली. दुर्मीळ संपर्क वाटायला नेलेले तेच प्रक्षेपक, त्याच अँटेना आणि तीच माणसे मदतकार्याचे आणि लोकांच्या खुशालीचे निरोप पोचवू लागली. पुढे कार निकोबारवरही केंद्र उभे राहिले.

पथक त्या दिवशी तेथे असणे हा योगायोग होता. पण गर्दीतून एक आवाज वेगळा काढणे, नाव अचूक टिपणे, कमी शब्दांत निरोप देणे आणि थकल्यावरही नोंद बिनचूक ठेवणे हा योगायोग नव्हता. हे सराव केल्यानेच अंगवळणी पडते, आणि स्पर्धा हा तो सराव आहे.

९. सुरुवात कशी करावी?

आधी ऐका. इंटरनेटवरून चालवता येणारे रेडिओ-ग्राहक मोफत उपलब्ध आहेत. स्पर्धेच्या शनिवारी १४ मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला जाऊन तासभर नुसते ऐका.

मोर्सचा तक्ता पाठ करू नका. तक्त्यावरून शिकलेला माणूस प्रत्येक अक्षराचे मनात भाषांतर करतो आणि वेग वाढला की अडतो. कॉख पद्धतीने के आणि एम या दोन अक्षरांपासून, सुरुवातीलाच मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने शिका. दहापैकी नऊ अक्षरे बरोबर आली की पुढचे अक्षर जोडा. रोज पंधरा मिनिटे, पण रोज.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी परीक्षा असते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्स चाचणीची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली. ती ठेवायची की नाही हे आता प्रत्येक देश ठरवतो. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम वाचून घ्या.

अँटेना साधी चालते. अर्धतरंग डायपोलची एकूण लांबी (मीटरमध्ये) ≈ १४३ ÷ वारंवारता (मेगाहर्ट्झमध्ये). १४ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १०.२ मीटर, म्हणजे वसतिगृहाच्या गच्चीवर मावेल एवढी. विजेच्या तारांपासून मात्र ती लांब ठेवा.

स्वाध्याय

१. न = ४ × १०¹¹ असताना क्रांतिक वारंवारता काढा. २० मीटर बँडवर दूरचा संपर्क होईल का?
२. फिल्टर २५० ऐवजी १०० हर्ट्झचा केला तर आणखी किती डेसिबल फायदा होईल? फिल्टर कितीही अरुंद का करता येत नाही?
३. शून्य (पाच रेघा) ऐवजी टी (एक रेघ) पाठवल्यास मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाने किती वेळ वाचतो?
४. वरील संभाषणात ‘अ’ने ‘ब’चे संकेतनाम परत पाठवलेच नाही, तर कोणती चूक नोंदवहीपर्यंत लक्षात येणार नाही? संगणक-जाळ्यातील कोणत्या तरतुदीशी याची तुलना होईल?